प्रतिसृष्टीचा बाऊ

मागच्या मे महिन्यात नाशिकला गोदाकाठी एका व्याख्यानाला जाऊन बसलो होतो. ऊन उतरलं होतं, पण फरशी तापलेलीच होती; लोक खाली वर्तमानपत्र अंथरून बसले होते. वक्ते बाहेरगावचे, आवाज कमावलेला, विषय विज्ञान आणि विनाश यांच्या नात्याचा. अर्धा तास अणुबॉम्ब आणि मोबाइलवर गेला. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. “मित्रहो, अमेरिकेत माणसानं जीव निर्माण केलाय.” थोडं थांबले. “आता देवाची गरज उरली नाही. उद्या माणसाचीही उरणार नाही.” माझ्या शेजारच्या आजींनी नकळत हात जोडले. वक्त्यांना जोडले की त्या अमेरिकेतल्या जीवाला, ते काही कळलं नाही.

मी खिशातून औषधाच्या दुकानाचं बिल काढलं, त्याच्या पाठीवर एक प्रश्न लिहिला आणि स्वयंसेवकाच्या हाती दिला. चिठ्ठ्या मंचावर पोचल्या, वक्त्यांनी चाळल्या, दोन वाचल्या आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. माणसं उठल्यावर टेबलावर पडलेली माझी चिठ्ठी मी उचलली आणि घरी घेऊन आलो.

तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला चिडायला एवढं पुरे. पण एकाच वक्त्याचा प्रश्न असता तर मी घरच्यांवर चिडचिड करून मोकळा झालो असतो. हेच मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकाच्या तोंडून ऐकलंय, आणि एरवी शहाण्या असलेल्या संपादक मित्राकडूनही ऐकलंय. सुशिक्षितांचं हे आता ठरीव मत झालंय. ते मी त्यांच्यापेक्षा नीट मांडतो, म्हणजे विपर्यास केल्याचा आळ नको. माणसानं संगणकावर जनुकं लिहिली, बाटलीतल्या रसायनांतून घडवली, निर्जीव पेशीत घातली आणि पेशी चालू लागली. म्हणजे त्यानं प्राण फुंकला. हा अधिकार निसर्गाचा किंवा ईश्वराचा. तो बळकावणं निसर्गाच्या विरुद्ध आहे. हा जीव एकदा प्रयोगशाळेतून निसटला की कोणाच्या बापाला आवरणार नाही. आपल्या ऋषींना ही विद्या येत होती, पण मर्यादाही कळत होती. आणि एवढं करून, या श्रीमंती खेळाशी आपल्या शेतकऱ्याचं काय देणंघेणं?

टाळ्या.

आता घडलं काय ते बघू. २० मे २०१० रोजी अमेरिकेतल्या जे. क्रेग व्हेंटर इन्स्टिट्यूटनं आपलं काम जाहीर केलं. मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस नावाचा, शेळ्यांना आजारी पाडणारा एक बारका जिवाणू आहे. त्याचा संपूर्ण जनुकसंच त्यांनी संगणकात वाचून घेतला. त्यात चारदोन फेरफार केले, ओळखीच्या खुणा घातल्या आणि साधारण हजार-हजार अक्षरांचे १,०७८ तुकडे रसायनांतून बनवून घेतले. ते सांधायचं मुख्य काम माणसानं केलंच नाही, ते यीस्टनं केलं. होय, पाव फुगवणाऱ्या त्याच यीस्टनं. यीस्टच्या पेशीत तुटके धागे घातले की ती ते इमानेइतबारे जोडत बसते. हजाराचे दहा हजार झाले, दहा हजारांचे लाख झाले आणि शेवटी १०,७७,९४७ अक्षरांचं एक अखंड वर्तुळ तयार झालं. एवढा लांब धागा नुसता पिपेटमध्ये ओढला तरी तुटतो, म्हणून तो जेलीच्या वडीत जपून हाताळावा लागतो. मग मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम या त्याच्या जवळच्या भाऊबंदाच्या पेशी घेतल्या, पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावात दोघांना एकत्र आणलं आणि टेट्रासायक्लिन घातलेल्या बशीवर पसरलं. ज्या पेशीत नवा संच शिरला तीच तिथं जगते, बाकीच्या मरतात. काही दिवसांनी बशीत निळे ठिपके दिसले. त्या ठिपक्यांतली पेशी कॅप्रिकोलमची राहिली नव्हती. रूपानं, प्रथिनांनी, सगळ्या अंगानं ती मायकॉइडिस झाली होती.

यात निर्जीव पेशी कुठे आली? कॅप्रिकोलमची पेशी जिवंत होती, चांगली खातीपिती होती. तिचं आवरण तिचं स्वतःचं, प्रथिनं घडवणारे रायबोसोम तिचे, ऊर्जा तयार करणारी यंत्रणा तिची. बाहेरून आलेला डीएनए वाचायला पहिल्या क्षणी जे काही लागलं ते सगळं तिनं दिलं. माणसानं रसायनांतून बनवलं ते मजकुराचं बाड. वाचणारा आधीच घरात बसलेला होता. पेशी पेशीतूनच येते, हे रुडॉल्फ विरखॉव यांनी १८५० च्या दशकात सांगितलं, आणि त्या निळ्या ठिपक्यांनी त्याला धक्कासुद्धा लावलेला नाही. पातेलंभर दूध पावडरीपासून केलं म्हणून दही माणसानं शून्यातून निर्माण केलं असं आपण म्हणतो का? विरजण शेजारच्या काकूंकडूनच आणावं लागतं.

गंमत अशी की ज्यांचा देवाच्या आसनाशी थेट व्यवहार, त्या व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानंही तेव्हा हेच लिहिलं होतं: काम उत्तम दर्जाचं आहे, पण जीव निर्माण झालेला नाही. पोपच्या दारात जे ओळखलं गेलं ते आमच्या रामकुंडाजवळ पंधरा वर्षांनीही ओळखलं जाऊ नये?

वक्त्यांच्या बाजूनं एवढंच मान्य करतो की आग मुळात तिकडूनच लागली. या जीवाचा बाप संगणक आहे, असं खुद्द व्हेंटर यांनी पत्रकारांना ऐकवलं. पेटंटचे अर्ज त्याआधीच गेले होते. दुकान चालवायचं तर पाटी मोठी लावावी लागते. पण दुकानदाराची पाटी आणि गोदाकाठचं प्रवचन यांत शब्दाचाही फरक नसावा? एकानं अभिमानानं ‘मी निर्माण केलं’ म्हणायचं, दुसऱ्यानं भयानं ‘त्यानं निर्माण केलं’ म्हणायचं. बशीत काय होतं ते दोघांनीही पाहायचं नाही.

या देवाची दिनचर्याही ऐकण्यासारखी आहे. तयार संच पेशीत घालायचा प्रयत्न सुरू झाला तेव्हा काहीच होईना. २००७ मध्ये याच लोकांनी नैसर्गिक जनुकसंच एका जातीतून दुसरीत यशस्वीपणे हलवला होता; बनवलेला मात्र चालेना. आधी कळलं की यीस्टमध्ये वाढलेल्या डीएनएवर जिवाणूची ओळखखूण नसते, त्यामुळे यजमान पेशी परका समजून त्याचे तुकडे करते. त्यावर २००९ मध्ये उपाय सापडला. तरीही बशी कोरी. मग लाख-लाख अक्षरांचे अकरा खंड एकेक करून नैसर्गिक खंडांशी बदलून पाहिले. दहा खंड निर्दोष निघाले. अकराव्यात, डीएनएची प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या एका जनुकात, एक अक्षर गळलं होतं. दहा लाख सत्त्याहत्तर हजारांत एक, आणि त्यापायी कित्येक आठवडे काम ठप्प. शिवाय आपली खूण म्हणून त्यांनी डीएनएमध्ये सांकेतिक भाषेत काही थोरांची वचनं लिहिली होती; त्यातलं रिचर्ड फाइनमन यांचं वचनच चुकीचं लिहिलं गेलं आणि ते दुसऱ्यांनी दाखवून द्यावं लागलं. हा कसला विश्वकर्मा? हा तर छापखान्यातला मुद्रितशोधक, तोही अवतरण न तपासणारा.

ऋषींचा मुद्दा लांबवायची माझी इच्छा नाही, पण सोडवतही नाही. वक्त्यांनी विश्वामित्राची प्रतिसृष्टी सांगितली. त्रिशंकूसाठी दुसरा स्वर्ग रचणारा तपस्वी त्यांच्या मते आपल्या विज्ञानाची पताका, आणि शेळीच्या जिवाणूचा डीएनए बदलणारा मात्र उद्दाम पापी. एकच कृत्य आपल्या पूर्वजानं केलं तर गौरव आणि परक्यानं केलं तर अधर्म, याला तर्कशास्त्रात काय म्हणतात माहीत नाही. आमच्या गल्लीत याला भावकी म्हणतात. नारळ हीसुद्धा प्रतिसृष्टीतलीच वस्तू म्हणे. तोच नारळ फोडून आपण प्रयोगशाळांची उद्घाटनं करतो, तेव्हा मर्यादाभंग कुठे जातो?

आता निसर्गाच्या विरुद्ध. हे वाक्य पुण्या-मुंबईत बोललं असतं तर मी एक वेळ ऐकून घेतलं असतं. नाशिकमध्ये?

आमची थोडी बाग दिंडोरी तालुक्यात आहे, पुतण्या बघतो. दरवर्षी पावसाळा सरता सरता पेठ-सुरगाण्याकडची टोळी कलमं बांधायला येते. नवीन बागेत द्राक्ष थेट लावत नाहीत. आधी डॉगरिजचा खुंट लावतात, तो पेन्सिलीएवढा जाड झाला की वरून कापून मधोमध चीर देतात. हव्या त्या जातीची दोन डोळ्यांची काडी औषधात बुडवून ठेवलेली असते. तिचं टोक चाकूच्या दोन फटक्यांत पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं, सालीला साल भिडली ना ते बोटानं चाचपायचं आणि प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. एक कुशल बांधणारा हे करताना बघत राहावंसं वाटतं. बोलणं चालू, हात चालू, नजर तिसरीकडे. गेल्या वर्षी मुकादमाला मी सहज विचारलं, यातलं झाड नेमकं कोणतं? तो म्हणाला, “सर, डोळा काडीचा, पोट खुंटाचं.” इतकी नेमकी व्याख्या मी तीस वर्षांत फळ्यावर लिहिली नव्हती.

जनुकसंचाचं रोपण समजून घ्यायला नाशिकच्या माणसाला याहून जवळचं उदाहरण नको. डोळा बाहेरून आणला, पोट यजमानाचं. फरक आहे, आणि खरं आश्चर्य त्या फरकात आहे. कलमात खुंट शेवटपर्यंत डॉगरिजच राहतो. जमिनीखाली तो, जमिनीवर थॉमसन. पेशीत मात्र नवा डोळा फुटला की काही पिढ्यांत पोटही त्याचंच होतं. जुनी प्रथिनं विभाजनागणिक विरळ होत जातात, नवी त्या मजकुराबरहुकूम घडतात, आणि कॅप्रिकोलमचा मागमूस राहत नाही. असा खुंट उद्या कोणी दाखवला, वरची काडी बघून मुळं बदलणारा, तर निफाडचा शेतकरी त्याला पाप म्हणणार नाही. तो रोपाचा दर विचारील.

आणि ज्या बागेच्या पार्श्वभूमीवर आपण ‘नैसर्गिक’ हा शब्द उच्चारतो ती बाग तरी काय आहे? डॉगरिज मूळचा अमेरिकेतल्या टेक्ससचा. थॉमसन सीडलेस मूळची इराण-मध्य आशियाकडची, कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन यांच्या नावानं बारसं होऊन आलेली. तास-ए-गणेश ही तिच्यातूनच तासगाव भागात निवडलेली. बी नाही, म्हणजे माणसानं काडी लावली नाही तर वंश बुडाला. हजारो एकरांवर उभी आहेत ती एकाच झाडाची हुबेहूब रूपं. मण्यांना फुगवण यावी म्हणून घड ज्यात बुडवतो त्या जीएचं मूळ आणखी मजेदार आहे. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडतात, असा एक रोग जपानमध्ये होता. ते एका बुरशीच्या स्रावामुळे होतं, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. तो स्राव म्हणजेच जिबरेलिन, आपलं जीए. टेक्ससचं पोट, इराणचा डोळा, जपानी भाताच्या बुरशीचं टॉनिक, आणि वर एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री. हे सगळं नैसर्गिक, प्रसादाच्या ताटात चालणारं. बशीतला निळा ठिपका तेवढा सृष्टिक्रमाच्या विरुद्ध! ही रेघ कोणी आखली? आणि आखणाऱ्याचं घर नेमकं रेघेच्या अलीकडेच कसं पडलं?

खरं संकट कसं येतं ते नाशिकनं पाहिलेलं आहे. तेही त्याच २०१० साली, व्हेंटर यांच्या घोषणेच्या महिनाभर आधी. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसीन म्हणतात त्याचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर तिथंच अडकले. वर्षानुवर्षं वापरातलं साधं वाढनियंत्रक होतं ते. कोणी देव बनायला गेलं नव्हतं. घात झाला तो मोजमापाच्या यादीत एक नाव नसल्यामुळे. किती कुटुंबांचं वर्ष त्यात बुडालं ते पिंपळगाव-ओझरकडच्या कोणालाही विचारा. निसर्गाविरुद्ध गेल्याची ती शिक्षा नव्हती. न तपासल्याची किंमत होती.

त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बीटी वांग्यावर केंद्र सरकारनं स्थगिती आणली, ती अजून उठलेली नाही. बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी ते वांगं लावतायत. आपल्याकडे दरम्यान काय झालं? परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं विदर्भात चोरून विकलं गेलं, आणि २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या लोकांनी अकोला जिल्ह्यात ते उघडपणे लावून सत्याग्रह केला. दार बंद केल्यानं वस्तू यायची थांबली नाही, तपासणी तेवढी थांबली. म्हणून ‘बंदी घाला’ ही आरोळी ऐकली की मला सुरक्षित वाटत नाही. मला बिनपावतीचं बियाणं आठवतं.

निसटण्याच्या भीतीबद्दल. मायकोप्लाझ्मा हा बिचारा परावलंबी प्राणी. त्याला पेशीभित्तिका नाही, कोलेस्टेरॉलसुद्धा तो स्वतः बनवू शकत नाही, यजमानाकडून उसनं घेतो. प्रयोगशाळेत रक्तद्रव घातलेल्या पौष्टिक द्रावात लाड करून वाढवावा लागतो. तरीही मूळ जात रोगकारक होती, म्हणून काळजी हवीच, आणि ती घेण्याचे नियम आपल्याकडे नवे नाहीत: पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम जनुकीय फेरफार केलेल्या जीवांना आणि पेशींना लागू आहेत. ज्यांना खरोखर घाबरायचं असेल त्यांनी विषाणूंकडे पाहावं. पोलिओचा विषाणू २००२ मध्येच निव्वळ क्रमवारीवरून बनवून दाखवला गेला. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या शास्त्रज्ञांनी, याच यीस्टच्या युक्तीनं, हाती तुकडे आल्यापासून आठवडाभरात कोरोना विषाणू जोडून उभा केला. तो चाचण्यांसाठी आणि औषधं-लशी तपासण्यासाठी होता, पण युक्ती ती युक्ती. तेव्हा डीएनएचे तुकडे कोण मागवतंय, कशाचे मागवतंय, यावर नजर हवी, ही मागणी रास्त आहे. ती आमच्या वक्त्यांनी केली का? नाही. त्यासाठी डीएनएचे तुकडे मागवता येतात हे आधी माहीत असावं लागतं.

याहून बोलकी गोष्ट डिसेंबर २०२४ ची. ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मधून जगाला बजावलं की आरशातले जिवाणू, म्हणजे ज्यांचे सगळे रेणू नेहमीच्या उलट्या हाताचे असतील असे जिवाणू, बनवायच्या वाटेला जाऊ नका, आपली प्रतिकारशक्ती कदाचित त्यांना ओळखणारही नाही. सही करणाऱ्यांत कोण होतं? क्रेग व्हेंटर. जनुकसंच-रोपणाच्या कामातले त्यांचे सहकारी जॉन ग्लास. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या दीपा आगाशेही त्यांत आहेत. ज्यांना आपण उद्दाम देव म्हणून हिणवतो त्यांनीच धोक्याची जागा नकाशावर बोट ठेवून दाखवली, आणि ज्यांनी गेली पंधरा वर्षं विनाश-विनाश केलं त्यांना ती जागा दिसलीही नव्हती. नेमकं कशाला भ्यायचं हे कळायलाही विद्या लागते. सरसकट सगळ्यालाच भिणारा माणूस कोणाच्याच कामाचा नसतो.

राहिला शेतकऱ्याचा प्रश्न. श्रीमंती खेळ आहे हे आकड्यानं खरं; त्या एका पेशीमागे सुमारे ४ कोटी डॉलर आणि पंधरा वर्षं गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. पण खेळणं कोणाचं निवडलं होतं? शेळीच्या रोगजंतूचं. संगमनेरी शेळी नाशिक-अहिल्यानगरकडची. शेळी ही गरिबाची गाय, असं आपण भाषणात म्हणतो. या मायकोप्लाझ्मांच्या कुळातले जिवाणू तिचं फुप्फुस धरतात, सांधे धरतात, दूध आटवतात. पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. ज्याचा जनुकसंच हवा तसा कापून, जोडून, पुन्हा पेशीत घालून बघता येतो, त्याचं नेमकं कोणतं जनुक शेळीला आजारी पाडतं हे शोधता येतं, आणि ते काढून टाकून लस बनवायची वाट दिसते. असे प्रयोग शेळ्यांवर झालेलेही आहेत. शेतकऱ्याचं देणंघेणं नाही म्हणणाऱ्यांनी खोकणारी शेळी घेऊन एकदा तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभं राहावं.

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, बायकोचं इन्सुलिन असतं. ती पोरगी होती तेव्हा इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून माणसाचं जनुक जिवाणूत घालून ते बनवलं जाऊ लागलं, आणि पुढे आपल्या छत्रपती संभाजीनगरातही जनुकीय तंत्रानं ते बनू लागलं. तेव्हाही हीच भाषणं झाली असणार. आज कोणता कीर्तनकार इन्सुलिनची सुई टोचताना सृष्टिक्रमाची माफी मागतो? जी पायरी आपण चढून गेलो ती निसर्ग, समोरची ती अधर्म, असंच हे चाललंय.

आणि वाइनचं काय? जिल्ह्यात एवढ्या वाइनरी उभ्या राहिल्या, त्यांत रस आंबवतं कोण? यीस्ट. त्या यीस्टची सगळी सोळा गुणसूत्रं कृत्रिमरीत्या लिहून काढायचा प्रकल्प अनेक देशांनी मिळून चालवला, आणि शेवटचं गुणसूत्र २०२५ च्या जानेवारीत सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठानं पूर्ण केल्याचं जाहीर केलं. तिथले या कामातले एक अध्वर्यू, इसाक प्रिटोरियस, आधी ऑस्ट्रेलियाच्या वाइन संशोधन संस्थेचे प्रमुख होते. म्हणजे द्राक्षाच्याच माणसानं हे मनावर घेतलं. आपल्या द्राक्षाच्या माणसांनी काय मनावर घेतलं? उद्या ते यीस्ट पाकिटातून आलं की आपण पाण्यात भिजवू, टाकीत घालू आणि टाकीला हार घालू.

यातली जी खरी थरारक बातमी होती, ती कोणी सांगितलीच नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. २०१६ मध्ये व्हेंटर यांच्याच गटानं एकेक जनुक काढून टाकत, जगायला अगदी अत्यावश्यक तेवढीच ठेवून एक पेशी तयार केली. ४७३ जनुकं. स्वतःच्या बळावर वाढणाऱ्या कोणत्याही ज्ञात नैसर्गिक जिवापेक्षा लहान संच. अक्षरन् अक्षर त्यांच्या हातचं. आणि त्या ४७३ पैकी १४९ जनुकं नेमकं काय करतात, हे बनवणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. काढली तर पेशी मरते किंवा रडतखडत जगते, एवढंच ठाऊक. बरं, त्या पेशी वाढत होत्या तर वेड्यावाकड्या. कुठे लांब धागे, कुठे फुगे. पुढे १९ जनुकं परत घातली तेव्हा त्या नीट विभागू लागल्या. त्यांतली नेमकी सात विभाजनासाठी लागतात हे २०२१ मध्ये कळलं, आणि सातांतल्या पाचांचं काम तेव्हाही अंधारातच होतं.

देव असा असतो? स्वतः लिहिलेल्या पुस्तकाचा तिसरा हिस्सा ज्याला वाचता येत नाही असा? ‘जीव निर्माण केला’ म्हणून नाचणाऱ्यांनी आणि ‘जीव निर्माण केला’ म्हणून छाती पिटणाऱ्यांनी मिळून ही बातमी गाडली. कारण ती ऐकली तर दोघांनाही कामाला लागावं लागतं. हात जोडले की शिकायची जबाबदारी संपते, आणि मूठ आवळली तरी संपते. माझं म्हणणं सरळ आहे: ही विद्या नाशिकच्या पोरांना आली पाहिजे. व्याख्यानातून नव्हे, बशी हातात घेऊन. यीस्ट वाढवणं, डीएनए तुटू न देता काढणं, तो दुसऱ्या पेशीत घालणं, निकाल खोटा निघाला तर अकरा तुकडे पालटून चूक शोधणं. कलमाच्या चाकूवर ज्यांच्या आयांचे हात बसलेत त्या मुलींना हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. आरोग्य विद्यापीठ या शहरात आहे, मुक्त विद्यापीठ आहे, विज्ञान महाविद्यालयं आहेत, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं जैवतंत्रज्ञानाचं नवं धोरणही मंजूर केलंय. एक लॅमिनार फ्लो कपाट, एक शीतकपाट आणि विचारलेल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणू शकणारा एक शिक्षक, एवढ्यापासून सुरुवात होते. सभामंडपाचं भाडं यापेक्षा फार कमी नसावं.

चिठ्ठी अजून माझ्या डायरीत आहे. औषधाच्या बिलाची शाई पाठीमागून उमटलीय, पण अक्षर वाचता येतं. वक्ते पुन्हा या बाजूला येणार असतील तर प्रश्न तोच आहे:

‘सर, १४९ पैकी कित्येक जनुकांचं काम अजून कळलेलं नाही. ते शोधायला नाशिकमधून किती मुलं पाठवावीत, असं आपल्याला वाटतं?’